पाठीवरचं बिऱ्हाड

पहाटे पाचला बस थांबते सदर्न क्रॉस स्टेशनापाशी
आणि तिघं उतरतात, विंचवासारखी,
बिऱ्हाड पाठीवर:
पासष्ट लिटरची पिशवी, तिला लटकलेले बूट,
छातीच्या पट्ट्याला एक बारकी शिट्टी,
हरवलात तर वाजवा म्हणून.
मेलबर्नमध्ये इतक्या पहाटे
शिट्टी मारून बोलवायचं कुणाला?

रोसारियोचा लाउतारो, ताइनानची यू-चेन
आणि मेयोचा ओशीन,
ज्याला विमानात कुणीतरी सांगितलं होतं
की इथे जानेवारीत उन्हाळा असतो.
हे नव्हतं सांगितलं की दुपारी वारा फिरतो
आणि तासाभरात दातावर दात वाजतात.

हॉस्टेलात आठ खाटांची खोली. पंख्यावर कुणाचा तरी मोजा.
स्वयंपाकघरात एक फळी, जाणाऱ्यांनी मागे ठेवलेल्याची:
अर्धं पाकीट मीठ, वाटीभर तांदूळ,
व्हेजिमाइटची बरणी, जिला सात महिन्यांत
कुणी हात लावलेला नाही.
यू-चेननं तांदूळ हुंगून पाहिले. शिजवले.
तिघांनी खाल्ले.
नावं नंतर विचारली.

मग कामासाठी वणवण.
लाउतारोनं स्वतःच्या चाळीस प्रती छापल्या,
सिडनी रोडवर कॅफेमागून कॅफे.
'कॉफीचा अनुभव, तीन वर्षं' असं ठोकून दिलेलं,
जन्मात तो माते नावाच्या कडू काढ्याशिवाय काही प्यायला नव्हता.
एकोणतिसाव्या दुकानात मालकीण म्हणाली, कर बघू एक.
दुधाचा फेस थेट तिच्या चष्म्यावर.
चष्मा पुसत तिनं विचारलं,
भांडी घासशील?
घासेन.

ओशीनला रस्त्यावर पाटी धरायचं काम.
एका बाजूला लाल 'थांबा', दुसऱ्या बाजूला पिवळं 'हळू'.
आईला फोनवर म्हणाला, इथलं शहर मी थांबवतो.
आई म्हणाली, स्वेटर घालतोस ना?

यू-चेन फुलांच्या घाऊक बाजारात, रात्री दोन ते सकाळी नऊ.
बादल्या उचलायच्या, देठ छाटायचे,
निलगिरीच्या डहाळ्यांच्या जुड्या बांधायच्या.
पहिल्या आठवड्यात हातांना इतका वास
की झोपेतही जंगल.
चौथ्या आठवड्यात वास येईनासा झाला.
ती हात नाकाशी धरून
ट्रामच्या थांब्यावर बराच वेळ उभी होती.
दोन ट्राम गेल्या.

कोबर्गला जागा मिळाली,
स्टाव्रूलाबाईंच्या मागच्या अंगणात.
बाई ऐंशीच्या, कपडे काळे,
ऑलिव्हच्या झाडावर नवऱ्यावर ओरडावं तशा ओरडायच्या.
भाडं आगाऊ. टोमॅटोंना पाणी सहानंतर,
पानांवर नाही, मुळाशी.
किती दिवस राहणार?
वर्षभर.
बाई नुसत्या हसल्या.
त्यांच्या कपाटावर पुठ्ठ्याची सुटकेस, दोरीनं आवळलेली.
यू-चेननं विचारलं, आत काय आहे?
म्हणाल्या, आणखी एक दोरी.

मार्चमध्ये लाउतारो शेपर्टनला निघाला, नासपती तोडायला,
व्हिसाचे अठ्ठ्याऐंशी दिवस भरायचे होते.
पिशवी सापडली शेडमध्ये, खुंटीला,
कांद्यांनी गच्च.
रिकामीच होती, बाई म्हणाल्या.
त्यानं कांदे ओतले, पिशवी झटकली,
सालं अंगणभर उडाली, शेजाऱ्यांच्या वाळत घातलेल्या चादरींवरही.
पट्ट्याला शिट्टी नव्हती.

त्या रात्री पावणेतीनला
लिंबाच्या झाडावर पॉसम आलं
आणि पायरीवर गाऊनमधल्या बाई
जीव खाऊन शिट्टी वाजवू लागल्या.
तिघंही बाहेर धावली, अनवाणी,
यू-चेनची नेमकी सुट्टी होती.
ओशीनचा हात सवयीनं वर गेला.
पॉसम थांबलं.
त्याच्याकडे नीट बघून घेतलं,
मग हळू, अर्धं लिंबू तोंडात धरून
कुंपणापलीकडे.

आलात? बाई म्हणाल्या.
मग आता चहा टाका कुणीतरी.
ह्याची बस सहाची आहे.