ऐंशी टक्के

जालन्याहून अंबड रस्त्याला, जिनिंगची भिंत संपते तिथून पुढं
सहाशे बारा घरांचा नकाशा माझ्या टेबलावर आलाय.
नाव: रिव्हर व्ह्यू.
नदी नाही. लेंडीनाला आहे,
निळ्या शाईत जरा जाडच काढलेला.

माझं काम दोन रकान्यांचं.
पाणी किती लागेल. वापरून झालं की जाईल कुठं.
घरटी पाच माणसं, माणशी एकशे पस्तीस लिटर,
रोजचे चार लाख तेरा हजार शंभर.
त्यातलं ऐंशी टक्के सांडपाणी, असं पुस्तक सांगतं.
उरलेलं वीस टक्के पोटात, कुंडीत, उन्हात.
उन्हाला वेगळा रकाना नाही पुस्तकात.
ते कुण्या बारमाही गावात बसून लिहिलं असावं.

खाजामियाँ एकतीस वर्षं व्हॉल्व्हवर आहेत.
एवढ्या घरांना लाइन दिली तर? मी विचारलं.
"चावी तो घुमा दूँगा मॅडम,
नळ को कौन समझाएगा?"
मग बोटांवर मोजून दाखवलं. आज हा भाग, उद्या तो,
करत करत आपला नंबर नवव्या दिवशी.
"नये लोगां आए तो उनका दसवाँ."
मी 'दहावा' लिहिलं आणि खोडलं.
दहाव्याला आपल्याकडं
पाणी निराळ्याच कामासाठी सोडतात.

माझ्या घरी
तांदूळ धुतलेलं भांड्यांना, भांड्यांचं फरशीला,
फरशीचं बादलीत थांबतं संडासासाठी.
एम.ई. झालेली बाई मी,
मोरीत परातीत उभी राहून अंघोळ करते.
आमच्या घरातून नाल्याला काय जातं
त्याची टक्केवारी काढायला बसले एका रात्री.
लाज वाटली की अभिमान, ते काही ठरलं नाही.
सांडायला
आधी भरलेलं लागतं.

लोया शेठचा माणूस प्लांटचं चित्र घेऊन आला.
तीन लाख तीस हजारांची टाकी, वर हिरवळ, कारंजं.
"आत जीवाणू असतात मॅडम, घाण तेच खातात,
स्वच्छ पाणी परत बागेला."
आणि घाण वाहून आणायला पाणीच आलं नाही तर?
तो हसला. मी हसले नाही.
माझ्या डोळ्यांसमोर ते उपाशी जीवाणू होते,
ताटं मांडून बसलेले, नवव्या दिवसाची वाट बघत.
तो गेला. अर्धा ग्लास तसाच ठेवून.
मी तो कुंडीत ओतला. वीस टक्क्यांत.

जागा बघायला गेले तर नाल्याकाठी कडूबाई गिराम
घासाच्या वाफ्यात बसलेली, वाफा भेगाळलेला.
तिला सगळं समजावून सांगितलं, नकाशा उघडून.
तिनं निळ्या रेघेवर बोट ठेवलं.
"म्हंजी ह्याला बारा म्हैने पानी ऱ्हाईल म्हना की."
मावशी, पाणी नव्हं ते. मैला.
"म्या कुठं प्यायला मागाया लागले? घास तर जगंल."
मग थोडं थांबून,
"पर हिरीत झिरपंल काय गं?"

विहिरीत वाकून बघितलं दोघींनी.
तळाला हातभर हिरवं पाणी, त्यात एक कासव.
सासऱ्यानं सोडलेलं, हिर साफ ठिवतंय म्हणून.
आमची चाहूल लागली तसं त्यानं मान वर केली,
वर आभाळाएवढंच भोक, त्यात दोन डोकी.
"एकट्यानं कितीक खावं त्यानं,"
कडूबाई म्हणाली, आणि पदरानं
विहिरीच्या काठावरची धूळ झटकली.

आज फाइल पुढं जायची आहे.
पाण्याच्या रकान्यात लिहिलं: दहाव्या दिवशी, आलं तर.
सांडपाण्याच्या रकान्यात क्षमता विचारली आहे.
बराच वेळ पेन हातात होतं.
मग पेन्सिल घेतली,
साहेबांना पुसता यावं इतकं फिकट लिहिलं:
एक कासव.