साठ ते सत्तर

बांबोळीच्या कॉलेजात चौथं वर्ष.
माझ्या कोट्यात एकच पूर्ण कवळी उरलेली,
आणि पिएदाद मास्कारेन्यश
बाणावलीहून दोन बस बदलून यायच्या.
बसचं भाडं मी द्यायचे. सगळेच देतात,
त्याबद्दल कुणी बोलत नाही.

चार भेटींत मी त्यांच्या हिरड्यांचे साचे घेतले,
प्लास्टर ओतलं, त्यावर मेणाचा बांध घातला,
स्पिरिटच्या दिव्यावर सुरी तापवून तो छाटला,
पुन्हा भरला, पुन्हा छाटला.
रिकाम्या तोंडालाही उंची असते.
ती आधी मोजायची, नाकाखालून हनुवटीपर्यंत,
मग मेणात दात रोवायचे, तरवा लावल्यासारखे,
पण फार सरळ नाही.
सरांना सरळ ओळ खोटी वाटते.

आज मेणातले दात पहिल्यांदा तोंडात.
सर म्हणाले, साठपासून सत्तरपर्यंत मोजून घे.
इंग्रजीत. पुस्तकात तसंच आहे.
'स' म्हणताना वरचे आणि खालचे दात
अगदी जवळ येतात, पण लागत नाहीत.
लागले तर टकटक,
वाट चुकली तर शीळ.

बाईंना इंग्रजी येत नव्हतं.
चार यत्ता पोर्तुगीज शाळा,
पुढे पन्नास वर्षं शिवणयंत्र:
लग्नाचे पांढरे झगे, ओठांत टाचण्या,
आणि धागा तोडायला समोरचा दात.
त्या दाताला बारीक खाच होती म्हणे.
दात कधीच गेला. खाच त्या अजून जिभेने शोधतात.

सेसेंता. सेसेंता ई उम.
सहासष्टाला, सेसेंता ई सैश, शीळ वाजली.
मी मेणाला ऊब दिली,
वरचा डावा दात अर्धा मिलिमीटर हलवला.
आता कोकणीत म्हणा.
साठ, एकसश्ट, बासश्ट... सासश्ट.
शीळ नाही.
त्या थांबल्या, डोळे मोठे करून म्हणाल्या,
"आगे, हें तर म्हज्या म्हालाचें नांव!"

सासष्ट गावांची सासष्टी.
मी सत्तर गावांची, सत्तरीची, वाळपईच्या पलीकडली.
मोजत मोजत त्या माझ्या घरापर्यंत आल्या
आणि 'सत्तर' स्वच्छ म्हणाल्या.

घरी बाबांचं 'सत्तर' म्हणजे 'हत्तर'.
फोटोत ते तोंडावर हात ठेवतात.
तीन दात अजून घट्ट आहेत,
म्हणून ते माझ्या कोट्यात बसत नाहीत.
हे मी सरांना एकदा विचारलंही होतं.
सर म्हणाले, नियम आहे.

सरांनी सही केली, पुढच्या खुर्चीकडे गेले.
मी बाईंच्या हातात आरसा दिला.
हसून बघतील असं वाटलं,
त्यांनी पर्समधून रीळ काढलं,
वीतभर धागा ओढला आणि दातांपाशी नेला.

थांबा, थांबा, हे अजून मेण आहे.

त्यांनी धागा परत रिळावर गुंडाळला, सावकाश,
टोक खाचेत अडकवलं.
"मागीर बुधवारीं," म्हणाल्या,
आणि बसच्या पैशांसाठी हात पुढे केला.