एक डॉक्युमेंट पेंडिंग

पडद्यावर सगळं नीट होतं.
कागदावर आलं:
ति□गू□ समारंभ.
वे□: दुपारी चार.
स्थ□: जनकगंज, लश्कर, ग्वाल्हेर.
खाली आपलं मंड□.

आधी वाटलं, शाई.
काळी अर्धी होती, गुलाबी खडखडीत.
गुलाबी संपली की हा काळंही छापत नाही,
हे रिटायर झाल्यावर शिकलो.
नवी आणली. प्रिंटरचं डोकं साफ केलं, तीनदा.
टेस्ट पेजवर रेघा सरळ, पट्ट्या चारी रंगांच्या.
म्हणजे तब्येत उत्तम.
फक्त ळ येत नाही.

ए.जी. ऑफिसात तेहेतीस वर्षं
मी दुसऱ्यांच्या बेरजा तपासल्या आहेत.
एकेक कारण खोडत जायचं, घाई करायची नाही.
वायर काढली, लावली.
बंद केला, दहा आकडे मोजले, चालू केला.
हृषीकेशनं हैदराबादहून आत शिरून
बाण फिरवला माझ्या पडद्यावर.
मी माउसवरून हात काढून बसलो,
न्हाव्यासमोर बसावं तसा.
'बाबा, फॉन्ट बदललाय, बघा आता.'
बघितलं.
चौकोन जरा ठसठशीत झाला होता.

नया बाजारातून फुरकान आला,
मफलरमधून नुसते डोळे.
कागद खिडकीपाशी धरला, धुक्याच्या उजेडात.
म्हणाला, 'अंकल, ये ल ही तो है न?
ल डाल दीजिए, सब समझ लेंगे.'

चूक नव्हतं त्याचं.
समजतात सगळे.
राशनकार्डावर चाळीस वर्षं मी मुळे नाही, मुले आहे,
एकटा असून अनेकवचनी.
कधी दुरुस्तीचा अर्ज केला नाही.
पण त्या दिवशी म्हणालो, नाही.
का, ते सांगता आलं नाही.
कुमुदनं आतून चहा पाठवला, आल्याचा,
म्हणजे तिलाही ऐकू गेलं होतं.

फुरकाननं दोन चहा प्यायले
आणि आख्ख्या पत्रिकेचा फोटो करून टाकला.
आता अक्षरं नव्हतीच, चित्र होतं.
चित्राला प्रिंटरनं काही विचारलं नाही.
तिळगूळ आला.
वेळ आली, स्थळ आलं, मंडळ आलं,
धवळे वहिनींच्या नावातली मात्रा
अधांतरी लोंबत होती, तीही जाग्यावर बसली.
दोनशे रुपये. जास्त नाहीत.

कोपऱ्यात मात्र एक ओळ राहिली:
एक डॉक्युमेंट पेंडिंग.
डिलीट केलं. 'डिलीट होत आहे' म्हणालं,
आणि होतच राहिलं.
मग लाइट गेली.

रात्री तीन दहाला आली.
स्वयंपाकघरात फ्रिज घुरघुरला,
बैठकीत प्रिंटरनं घसा साफ केला
आणि सुरू झाला.
माकडटोपी घालून मी समोर उभा.
परवाचं, बावन्न प्रतींचं काम,
मी रद्द केलेलं, त्यानं न विसरलेलं.
ति□गू□. ति□गू□. ति□गू□.
बटण हाताशी होतं.
दाबलं नाही.
कागद ऊन होते, त्या थंडीत
हातात धरायला बरे वाटले.

होळीपर्यंत पाठकोरे पुरले.
किराणा, दुधाचा हिशेब, रेवतीची गणितं.
काल एक उलटून बघितला.
चौकोन रिकामे नव्हते.
एकात तिनं ल लिहिला होता.
एकात डोळे, नाक, दोन वेण्या.
वेळेतल्या चौकोनात
आडवा झोपवलेला आठ,
वर रेघ द्यायला विसरली होती
की जागा पुरली नव्हती,
विचारलं नाही.
तिचा भागाकार तपासला.
बाकी तीन उरत होती,
तिनं दोन लिहिली होती.