थर्कटलची बदकं

पहाटेचे तीन. किंग्ज लिन. समुद्र इथून दिसत नाही,
पण चिखलावर उतरलेल्या रानहंसांचा गलका
दुहेरी काचेतूनही आत येतो.

मी एडविन थर्कटलच्या छातीचा फोटो काढते.
परवा तळाशी थोडं धुकं होतं.
आज दोन्हीकडे पांढरं,
कुणी खालून वर चुना चढवत नेल्यासारखं.

आधी डोळे आले होते म्हणे.
खुराड्यातली धूळ गेली असेल, म्हणाला बायकोला.
सात बदकं. रविवारी एक
मान वाकडी करून गोल गोल फिरलं,
सोमवारी सातही गार.
त्यानं उघड्या हातांनी उचलली, एकेक.

आपल्या नेहमीच्या फ्लूला घशाशीच दार सापडतं,
उंबरठ्यावर खोकत बसतो,
शेजारीपाजारी जाऊन येतो.
हा पाखरांचा. याच्या ओळखीची दारं आपल्यात
फार आत आहेत,
श्वासाच्या अगदी शेवटच्या खोलीत,
जिथे हवा आणि रक्त यांच्यामध्ये
कांद्याच्या पापुद्र्याहून कमी काही असतं.
म्हणून तो सहसा येत नाही.
म्हणूनच आला की तिथे येतो.

आणि त्याची गाठ कापायला खास कात्री लागत नाही.
चार अक्षरं जास्तीची, तेवढाच फरक;
शरीरात घरोघरी पडलेली साधी कात्रीही चालते.
आपलीच.

मग आरडाओरडा. पेशी पेशीला हाका घालते,
बंब येतात, बंबांमागून बंब,
आणि काय विझवायचं ते विसरून
घर बुडवतात.
डॉक्टर अडेयेमी याला वादळ म्हणतात.
मला नुसतं पाणी दिसतं,
काळं असायला हवं तिथे.

नळी घालायच्या आधी मास्क सरकवून
त्यानं मलाच विचारलं, मी नुसती फोटोवाली, तरी मला:
तळ्याकडचं दार लावलं का कुणी? कोल्हा येतो.
मी हो म्हणाले.
पांढऱ्या सूटवाल्यांनी फवारून, पट्टी लावून
ते दुपारीच बंद केलं होतं.
कोल्ह्यासाठी आत काही उरलं नव्हतं.

प्लेट पाठीखाली सरकवते. सवयीनं ओठांवर येतं,
श्वास घ्या, धरून ठेवा.
तो आता यंत्राकडे आहे.

बाहेर उजाडतंय. हंस उठतात, हजारो,
शेतांकडे निघतात बिटाचे तुकडे वेचायला.
त्यातला कुठला आजारी, कुठला नाही,
खालून सगळे सारखेच दिसतात.