नसल्यास, विलंबाची कारणे

कलेक्टर कचेरीच्या भिंतीला लागून माझं टेबल,
वर निळं मेणकापड, एका पायाखाली वीट.
छत्तीस वर्षं लोकांचं खरंखोटं
डबल स्पेसमध्ये उतरवून देतोय.
ती सीबीएसकडून चालत आली
आणि बसण्याआधी खुर्ची उचलून फिरवली:
पाठ भिंतीला, तोंड रस्त्याकडे.
"खोड आहे," म्हणाली. "अर्ज भरायचाय. विधानसभा."

नाव मंजुळा लहानू थविल.
गाव सावळ घाटाच्या खाली, पेठच्याही पलीकडे,
एसटी जिथून उलटी फिरते ते.
उर्फ? मी सवयीने विचारलं.
ती भुईमुगाच्या शेंगा सोलत होती.
"लिहा, सरोज.
या नावानं ओळखणारे मतदार यादीत नाहीत.
तरी लिहा."

सरोज.
माझ्या पुतण्याच्या, निनादच्या, उजव्या गुडघ्यात
वाटाण्याएवढा लोखंडाचा तुकडा आहे,
डॉक्टर म्हणाले, राहू द्या.
पूर्वेकडच्या जंगलातून त्याची राखीव दलाची तुकडी परतली
तेव्हा पेपरात हेच नाव होतं, अवतरणचिन्हांत.
मी पुढचा रकाना विचारला.

जंगम मालमत्ता: शरण येण्याच्या योजनेतलं शिलाई मशीन,
शेळ्या दोन (एक गाभण, हे तिने लिहायलाच लावलं).
प्रलंबित गुन्हे: दोन.
तिथली तारीख तिने दुरुस्त केली.
"सोळा नाही, सतरा. सोळाला आम्ही नदीपल्याड होतो."
बाई, कागदात आहे ते ठेवा, सोयीचं आहे.
"असेल सोयीचं," म्हणाली,
आणि मी खाडाखोडीची पांढरी बाटली काढेपर्यंत
बोट त्या आकड्यावरून उचललं नाही.

चिन्हांच्या यादीत शिट्टी होती.
म्हटलं, घ्या ना, पोरं वाजवत फिरतील, फुकट प्रचार.
सोललेली शेंग हातातच राहिली.
"माझ्या एका शिट्टीवर अठरा जण उठायचे.
शेवटच्या वेळी चौदा उठले.
कपबशी मिळते का बघा."

पैसे दिले, आणि हात तसाच पुढे: पावती.
"आम्ही तेंदूच्या ठेकेदारालासुद्धा पावती द्यायचो."
मला हसू आलं.
मग त्या हसण्याचा राग आला, तो घरापर्यंत पुरला.

माझं मत शहरातलं.
तिला द्यायचं की नाही, ठरवायची वेळच आली नाही.
सुटलो, वाटलं.
संध्याकाळी गंगेवर भाजी घेताना
ते सुटणं पिशवीत लिंबासारखं घरंगळत राहिलं.

निवडून आली, नऊशे अकरा मतांनी.
डिसेंबरात परत आली ती जीपमधून,
संरक्षणाला राखीव दलाचे दोन जवान.
खुर्ची फिरवावी लागली नाही,
जवानाने भिंत आधीच हेरून ठेवली होती.

"प्रश्न टाइप करा. आमचा पीए माझं बोलणं गुळगुळीत करतो.
लिहा: ओढ्यावरचा साकव ताबडतोब बांधा."
तसं चालत नाही, बाई. सभागृहात सांगत नाहीत,
विचारतात.
मी ठोकत गेलो:
साकव वाहून गेला, हे खरे आहे काय?
असल्यास, शासनाने कोणती कार्यवाही केली?
नसल्यास, विलंबाची कारणे काय आहेत?

तिने ओठ हलवत तीनदा वाचलं.
"आम्ही हुकूम द्यायचो, सकाळपर्यंत व्हायचं.
काय काय व्हायचं."
थोड्या वेळाने, "नसल्यास. बरा शब्द आहे.
आमच्यात नव्हता."
या खेपेला पावती मी न मागता फाडली.

जीप मेहेरच्या सिग्नलला वळेपर्यंत बघत राहिलो,
मग कोरा कागद चढवला.
निनाद, वय एकतीस,
थंडीत जिन्याच्या चौथ्या पायरीवर थांबतो
आणि मोबाइल बघितल्यासारखं करतो, हे खरे आहे काय?
असल्यास,

इथवर आलो होतो.
समोर एक म्हातारा उभा होता, ओल्या धोतराचा,
उत्पन्नाच्या दाखल्यासाठी.