सांधा

बाबाजीपुऱ्याच्या आखाड्यात मुलींची वेळ
पहाटे पाच ते सहा. मग मुलगे यायचे,
आणि आम्ही वेण्यांतली माती झटकत
दांडिया बाजारावरून घरी.

लाल मातीचा हौद. त्यात ताक, हळद, तेल
आणि कुणाकुणाचा घाम.
खानविलकर वस्तादांचा नियम भिंतीवर नव्हता,
फावड्यावर होता:
काल जी जिंकली, तिनं आज हौद खणायचा.

मी पुष्कळ खणलं.
हातांना घट्टे पडले तेव्हा आईनं विचारलं,
जिंकून मिळतं काय गं तुला?
मी म्हटलं, फावडं.

दुपारी हेच वस्ताद ओसरीवर हाडं बसवायचे.
पतंगापायी गच्चीवरून पडलेली पोरं,
स्कूटरवरून घसरलेले कारकून,
एकदा न्यायमंदिराकडून हातगाडीवर घालून आणलेली
तिचीच हातगाडी असलेली भाजीवाली.
खांदा हातात धरून ते विचारत, "सवारे शुं खाधुं?"
आणि माणूस "भाखरी" म्हणतो न म्हणतो तोच
कट्ट.
"ऐकलंस? घरी आला की तो सांगतो."

मनगटाचा पेच मागायला गेले, तर म्हणाले,
"उतरवायला अर्धा दिवस पुरतो.
आधी चढवायला शीक. दोन वर्षं."
मी एक वर्ष गेले. मग बारावी आली.

आता मकरपुऱ्यात, गोळ्यांच्या कारखान्यात
रात्रपाळी माझ्या हाताखाली.
चौतीस माणसं, तीन यंत्रं,
आणि सीलिंगवर एकोणीस वर्षं रमणिकभाई.
त्या रात्री तापमान उतरलेलं त्यांना दिसलं नाही,
अकरा हजार पट्ट्या कच्च्या चिकटल्या.
मी बरोबर होते. तक्ता माझ्या हातात होता.
सगळ्यांसमोर म्हटलं,
"एकोणीस वर्षं तुम्ही इथे नक्की काय बघत होतात?"

पेच उत्तम बसला.
पाय रोवलेले, वजन पुढे, मूठ बंद.
वस्तादांनी पाहिलं असतं तर मान हलवली असती,
कुठल्या दिशेनं ते मला माहीत आहे.

रमणिकभाई काही बोलले नाहीत.
हातमोजे काढले, एकात एक घातले, टेबलावर ठेवले.
दुसऱ्या रात्री वेळेवर आले. तिसऱ्याही.
दर दहा मिनिटांनी तापमान लिहिलं, सुरेख अक्षरात.
फक्त अडीचच्या सुमाराला बशीनं झाकून
माझ्या टेबलावर येणारा अर्धा कप चहा
आला नाही.
हात शाबूत, काम शाबूत,
मधे कुठेतरी हाड जागेवर नाही.

माफी मागावी,
तर "अरे बेन, एमां शुं?" म्हणून हसतील
आणि सूज तशीच राहील.
शिकायचं राहून गेलेलं दुसरं वर्ष
असं रात्री तीनला आठवतं.

चौथ्या दिवशी, पाळी सुटल्यावर
मी त्या पट्ट्यांचं पोतं उघडलं.
एकेक गोळी हातानं सोडवायची, मोजायची, नोंदवायची.
कुणाला बोलावलं नाही.
डबा घेऊन निघालेले रमणिकभाई दारातून परतले,
समोरचं स्टूल ओढलं.
बराच वेळ नुसता चांदीच्या कागदाचा चुरचुराट.
मग मान खाली ठेवूनच मी विचारलं,
"सांजे शुं खाधुं?"

त्यांनी सहा-सात पट्ट्या सोडवल्या.
"खिचडी," म्हणाले. "कढी आंबट झाली होती."

मी कान देऊन होते.
कट्ट झालं की नाही, सांगता येत नाही.
बाहेर कंपनीची बस हॉर्न देत होती,
जुन्या घट्ट्यांच्या जागा हुळहुळत होत्या,
आणि पोत्यात अजून
नऊ हजार तरी असतील.