रीवाइंड

कुंडलिकेच्या पुलाअलीकडे, जुन्या जालन्यात,
पिठाच्या गिरणीला चिकटून
तुराबभाईंची व्हिडिओ लायब्ररी होती.
गिरणी सुरू झाली की पडद्यावरचा खुनी थरथरायचा
आणि कॅसेटींवर ज्वारीच्या पिठाचा थर बसायचा.
मी तिथं रीवाइंड करायला होतो.
महिना दीडशे, वर चहा.

लोक कॅसेट परत आणायचे ती शेवटाला थांबलेली.
त्यामुळं सगळे पिक्चर मी उलटेच पाहिले :
मढं उठून बसायचं,
सुरा छातीतून निघून म्यानात जायचा,
इन्स्पेक्टर मागं मागं चालत जीपमध्ये शिरायचा
काहीच ठाऊक नसल्यासारखा.

एलिया खंडागळे दर शनिवारी यायचा.
मिशन दवाखान्यात कंपाउंडर, बोटांना टिंक्चरचा वास.
त्याला एकच कॅसेट लागायची :
परदेशी गोलकीपरांच्या चुका, एक तास.
चेंडू पोटाशी धरलेला निसटतो,
पायांमधून जातो,
एक जण तर उचलून आपल्याच जाळ्यात टाकतो
आणि मागं कुणीतरी इंग्रजीत हसत राहतो.
एलिया हसायचा नाही.
"ह्याचा गुडघा बघ. टेकायला पाहिजे होता.
काहून टेकवला नाही काय की."

एकोणऐंशी साली, औरंगाबादेत,
छावणीच्या मैदानावर, शाळेच्या फायनलला
एलिया...
गिरणीवाल्या सोजरबाई एवढंच बोलल्या.
पुढं पट्टा सुटला म्हणून उठल्या.

दर शनिवारी दहा रुपये.
मला वाटलं, ह्याला एक कॉपी काढून द्यावी.
तुराबभाई नवा माल आणायला हैदराबादला गेलेले.
दोन व्हीसीआर, एक वायर,
आणि फडताळातली एक कोरी कॅसेट,
जी कोरी नव्हती.
तिच्या मोडक्या कोपऱ्यावर कधीतरी मीच सेलोटेप लावलेली,
आणि ती रीवाइंड करायची राहिलेली.
माझं काम तेवढंच होतं.
अकरा मिनिटांनी लाइट गेली.
मी चाचपडत कॅसेट जागेवर ठेवली.

त्या उन्हाळ्यात सगळ्यांना तोच खुनाचा पिक्चर हवा होता.
दार किलकिलं होतं,
मुठीवर काळ्या हातमोज्यातला हात येतो,
घरात कुणी श्वास घेत नाही,
आणि त्या हातमोज्यातून चेंडू सुटतो.
चिखल, शिट्टी, हसू.
अकरा मिनिटं.
मग नुसत्या मुंग्या.

कासलीवाल म्हणाले, ड्रायव्हरच.
डहाळे मास्तरांचा संशय बायकोवर.
सोजरबाईंनी पदराला हात पुसत निकाल दिला :
"जो हसायलाय ना, तोच."

तुराबभाईंनी रजिस्टर उघडलं.
फुटबॉलच्या रकान्यात एकच नाव, चाळीस वेळा.
एलियाला बोलावलं.
त्यानं अकराच्या अकरा मिनिटं उभ्यानं पाहिली,
एकदा माझ्याकडं पाहिलं,
काउंटरवरच्या सेलोटेपकडं पाहिलं.
"माझ्याकडूनच झालं असंल," म्हणाला,
आणि खिशातून एकशेऐंशी रुपये काढून
दोनदा मोजले.
मी कसली तरी कॅसेट रीवाइंड करत होतो.
मोटर घरघरत होती. मी ती घरघरू दिली.

पुढच्या शनिवारी तो आला.
दहाची नोट ठेवून म्हणाला, "आपली ती."

आता तिथं मोबाइलचं दुकान आहे.
गोलकीपर दिवसभर फुकट पडतात, कुणाच्याही तळहातावर.
त्या पिक्चरचं नाव मला पाठ आहे.
दार कुणी उघडलं, हे मी अजून शोधलेलं नाही.

कधी कधी रात्री मागं फिरवतो :
नोटा तुराबभाईंच्या हातातून एलियाच्या खिशात जातात,
तो पायऱ्या मागं मागं उतरतो, उन्हात लहान होत जातो.
मी पुन्हा काउंटरमागे.
एका ठिकाणी माझं तोंड उघडतं,
दर वेळी, स्पष्ट दिसतं.
पण उलटं फिरवताना
आवाज येत नसतो.